एकालाच थांबवलं

मी पुणं सोडलं तो दिवस आठवायला गेलं की आधी आमच्या इमारतीखाली उभी असलेली जीप दिसते. टपावर चार बॅगा दोरीनं आवळलेल्या, आणि दोन वर्षांचा सुमेध माझ्या खांद्यावर मान टाकून झोपलेला. नवरा सहा महिने आधीच मेलबर्नला गेला होता. आता आम्ही दोघं निघालो होतो. आईनं वर बुद्धाच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावली होती आणि वाऱ्यानं ती विझेल म्हणून ती खोली सोडायला तयार नव्हती. खिडकीतूनच ओरडून सांगत होती, "पोचलीस की लगेच फोन कर. आमची झोप बघू नकोस."

दादा, म्हणजे माझे वडील, खाली आले होते. ते कोर्टात बेलिफ होते. लोकांच्या दारात उभं राहून समन्स द्यायचं, सही घ्यायची आणि शिव्या खाऊन परत यायचं, अशी त्यांची नोकरी. निरोपाचं बोलणं त्यांना कधीच जमलं नाही. जीप सुरू झाली तेव्हा ते वाकून म्हणाले, "शालू, परक्या मुलखात माणूस ओळखीवर जगत नाही, कायद्यावर जगतो. तिथला कायदा वाचत जा." स्वारगेट येईपर्यंत मी रडत होते आणि रडता रडता चिडतही होते. मुलगी एवढ्या लांब चाललीय आणि बापाच्या तोंडी आशीर्वाद म्हणून काय, तर कायदा!

तुमच्यापैकी जे गेलात, त्यांना पुढची वर्षं सांगायला नकोत. मी पुण्यात नर्स होते, तिथं पुन्हा परीक्षा देऊन वृद्धाश्रमात नर्स झाले. काही वर्षांनी आम्ही तिथलं नागरिकत्व घेतलं. एका सभागृहात हात वर करून शपथ घेतली, मग चहा-केक. भारताचा पासपोर्ट परत करताना वाटलं तेवढं वाईट वाटलं नाही, आणि तेवढं वाटलं नाही याचं पुढे कितीतरी दिवस वाईट वाटत राहिलं. सुमेध चौदा वर्षांचा असताना नवरा आणि मी वेगळे झालो. तो पर्थला गेला. आई गेली तेव्हा मी पुण्याला पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. त्यानंतर बिबवेवाडीच्या त्या दोन खोल्यांत दादा एकटे राहत होते.

मेलबर्नच्या आमच्या घराला शेजार होता मरियमचा. तिच्या आणि आमच्या परसात लाकडी कुंपण होतं, छातीएवढं. मरियम तिच्या देशातून निर्वासित होऊन आली होती. तो देश कुठला, युद्ध कुठलं, हे मी लिहीत नाही. नाव लिहिलं की वाचणारे लगेच बाजू घेतात, आणि मला जे सांगायचंय ते बाजूला राहतं. तिचा मुलगा एलियास सुमेधच्याच वर्गात होता. मी कामाला असले की सुमेध तिच्याकडे जेवायचा, ती कामाला असली की एलियास आमच्याकडे. एलियासला माझ्या हातचं पिठलं आवडायचं. त्याला तो यलो सूप म्हणायचा. मरियमचं इंग्रजी मोडकं, माझं पुणेरी. वीस वर्षांत परदेशात मला जिव्हाळ्याचं माणूस मिळालं ते हे एक.

मग तिच्या देशात पुन्हा लढाई पेटली. एलियासच्या मामाचं गाव जळालं. दोघं मुलं तासन्‌तास फोनवर व्हिडिओ बघायला लागली. सुमेध तेव्हा पॅरामेडिकचं शिकत होता, म्हणजे ॲम्ब्युलन्सवर जाऊन जखमींना सांभाळणारे असतात, त्यांचं. त्यानं एक सेमिस्टर सोडलं. विचारलं तर म्हणाला, "ब्रेक हवाय." त्याच्या खोलीत रक्त थांबवायच्या पट्ट्या दिसल्या, त्याचं मला काही वाटलं नाही, ते त्याचं शिक्षणच होतं. पण मग तो आणि एलियास रविवारी नेमबाजीच्या क्लबात जातात हे कळलं.

तेव्हा मी दादांचा सल्ला पहिल्यांदा ऐकला. सरकारची वेबसाइट उघडली आणि कायदा वाचला. परदेशातल्या लढाईत जाऊन उतरणं हा गुन्हा. त्याची तयारी करणं हाही गुन्हा. दुसऱ्याला त्यासाठी तयार करणं हाही गुन्हा. शिक्षेची वर्षं वाचून मी लॅपटॉप बंद केला आणि पुन्हा उघडला. एखाद्या देशाच्या रीतसर सैन्यात गेलात तर गोष्ट वेगळी होती. पण एलियासच्या मामाकडचे लोक काही कुठल्या देशाचं सैन्य नव्हते.

जेवताना मी विषय काढला. सुमेध हसला. "आई, सरकारची आर्मी असेल तर सर्व्हिस, आणि लोकांची असेल तर क्राइम. लॉजिक बघ ना." मी म्हटलं, "लॉजिक मला नको सांगूस. तू जाणार नाहीस एवढं सांग." तो म्हणाला, "मी कुठे म्हटलं जाणार म्हणून?" आणि ताट उचलून आत गेला.

त्यानंतर महिन्याभरानं तो म्हणाला, आजोबांना भेटून येतो, महिनाभर राहतो. मला इतका आनंद झाला की मी काही विचारलंच नाही. वाटलं, बरं होईल, या व्हिडिओंपासून लांब जाईल. दादांसाठी स्वेटर दिला, गुडघ्याचा पट्टा दिला. विमानतळावर त्यानं मला मिठी मारली, आत गेला, आणि परत बाहेर येऊन पुन्हा मिठी मारली. मला वाटलं, पोरगा मायाळू होतोय.

पंधरा दिवसांनी दादांचा फोन आला. दादा स्वतःहून फोन करत नाहीत.

"शालू, तुझ्या मुलाबरोबर बुधवार पेठेत गेलो होतो," ते म्हणाले. "त्यानं चार पॉवर बँक घेतल्या. डोक्याला बांधायचे दोन दिवे घेतले. उन्हावर चालणारा चार्जर घेतला. दुकानदारानं विचारलं, ट्रेकला का? हा म्हणाला, हो. मी घरी आल्यावर विचारलं, कुठल्या डोंगरावर?"

"मग?"

"खोटं बोलला नाही. तेवढं तू चांगलं वाढवलंयस. नऊ दिवसांनी मुंबईहून त्याचं विमान आहे. तिथून सीमेवरचं एक गाव. तुमच्याकडून सरळ गेला असता तर विमानतळावर विचारपूस झाली असती, म्हणून वळसा घालून माझ्याकडे. म्हणजे मला भेटायला आलाय असं समजू नये मी."

दादा पुढे म्हणाले, "आपल्याकडेही असला कायदा आहे. इंग्रजांनी केलेला. त्यांना माणसं स्वतःच्या लढाईला हवी होती, दुसऱ्याच्या नाही. पण तो इथल्या माणसाला लागू. ह्याचा पासपोर्ट तिकडचा. मी ह्याला दाराला कुलूप लावून ठेवू शकत नाही, मला ऐंशी वर्षं झालीत. काय करायचं ते तू कर. लवकर कर."

मी सुमेधला फोन केला. तो शांत होता, त्याचीच मला भीती वाटली. म्हणाला, "मी बंदूक घ्यायला चाललो नाहीये. तिकडे जखमींना उचलायला माणूस नाहीये." मी विचारलं, मग नेमबाजी कशाला शिकलास? तो म्हणाला, "तूही गेलीसच ना घर सोडून? आजोबांना आवडलं होतं?"

"मी नोकरीला गेले होते, सुमेध. मरायला नाही."

"प्रत्येक जण कशाला ना कशाला जातोच." मग आवाज खाली आणून म्हणाला, "एलियास शुक्रवारी निघतोय, तोही वळसा घालून. तिकडेच भेटणार आम्ही. मरियम आंटीला त्यानं सांगितलंय की खाणीवर जॉब मिळालाय. प्लीज, तिला सांगू नकोस. तिला हार्टचा त्रास आहे." मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये गाडी लावली, काचा वर केल्या आणि वेबसाइटवर दिलेल्या नंबरवर फोन केला. पलीकडे एक बाई होती, मऊ आवाजाची. तिनं नाव विचारलं, जन्मतारीख विचारली, सुमेध कुठं आहे ते विचारलं. मी सगळं सांगितलं. पुण्याचा पत्ता सांगितला, दादांचा पत्ता. विमानाची तारीख सांगितली. सांगताना मला कळत होतं की मी माझ्याच मुलाला सरकारच्या हाती देतेय. शेवटी तिनं विचारलं, "त्याच्याबरोबर आणखी कोणी जाणार आहे का?"

मी म्हटलं, "नाही. एकटाच."

का म्हटलं? याचं उत्तर मी स्वतःला बरेचदा दिलंय आणि दर वेळी वेगळं दिलंय. एलियास माझा मुलगा नाही, त्याचं नाव द्यायचा मला काय हक्क, असं वाटलं. पोलीस मरियमच्या दारात गेले तर ती कोसळेल, असं वाटलं. आपण स्वतः तिला सांगू, मग ती तिच्या मुलाचं बघेल, असंही वाटलं. तिन्ही खरी आहेत. आणखी एक होतं, ते लिहायला हात जड होतो. दोघांचा कट आहे म्हटलं तर सुमेधचा गुन्हा मोठा ठरेल, हे त्या पार्किंगमध्ये माझ्या डोक्यात आलं होतं.

शुक्रवारला पाच दिवस होते. पाचही दिवस मी मरियमला बघत होते. ती परसात कपडे वाळत घालायची, मला हात करायची. एकदा कुंपणावरून तिनं मला पुदिना दिला. मी पुदिना घेतला. उद्या सांगू म्हणाले. शुक्रवारी संध्याकाळी ती आनंदानं म्हणाली, "माझा एलियास गेला कामावर. आता घर घेणार म्हणतो."

माझ्या फोनला आठवडा व्हायच्या आत सुमेधला ईमेल आली. पासपोर्ट रद्द. दादांनी मला फोन केला आणि म्हणाले, "आयुष्यभर लोकांच्या दारात नोटिसा दिल्या, आज घरात बसून वाचली. इंग्रजी चांगलं आहे." मग हळू आवाजात, "त्यानं मला विचारलं कुणी केलं. मी सांगितलं, तुझ्या आईनं." मी ओरडले, दादा, सांगायचं कशाला? ते म्हणाले, "नोटीस कुणी काढली हे विचारायचा हक्क असतो माणसाला."

सुमेध माझ्याशी बोलेनासा झाला. त्याच्याकडे परदेशस्थ भारतीयाचं कार्ड होतं म्हणून त्याला पुण्यात राहता आलं. दादा त्याला घेऊन सरकारी कचेरीत गेले आणि खिडकीतल्या माणसाला म्हणाले, "हा माझा नातू. सध्या ह्याचा देश ह्याच्यावर रुसलाय. किती दिवस ठेवून घेता येईल?" हे मला दादांनीच सांगितलं. मी जे गाव सोडायला वर्षभर कागद गोळा केले होते, त्याच गावात माझा मुलगा कागदाअभावी अडकला होता. तो गॅलरीत चटई टाकून झोपायचा. दादांबरोबर कसबा पेठेत चालत जायचा, त्यांच्या जुन्या ओळखीच्या तांबटाकडे बसायचा. दादा म्हणायचे, "बोलत नाही. पण जेवतो. जेवणारा माणूस सुधारतो."

दोन महिन्यांनी एलियास मारला गेला.

बातमी मरियमच्या भावाकडून आली. मृतदेह मिळणार नव्हता. मी ऐकलं आणि कुंपणाकडे पाहत उभी राहिले, मग पुढच्या दारानं तिच्याकडे गेले. घर तिच्या माणसांनी भरलं होतं. मी भांडी घासली, चहा केला, तिच्या पायाशी बसले. तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "तुझा सुमेध इंडियाला आहे, बरं झालं. देवानं तुझं ऐकलं." मला तिथून पळून जावंसं वाटलं. तरी मी रोज जात राहिले.

महिन्याभरानं तिच्या स्वयंपाकघरात आम्ही दोघीच होतो. ती तांदूळ निवडत होती. मी म्हटलं, "मरियम, मला माहीत होतं."

तिनं वर पाहिलं. मी सगळं सांगितलं. दादांचा फोन, माझा फोन, त्या बाईचा शेवटचा प्रश्न. ती ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "तो जायच्या किती दिवस आधी?"

"पाच."

"पाच," ती म्हणाली. मग बोटं मोजल्यासारखी हलवत म्हणाली, "पाच सकाळी मी त्याला नाश्ता दिला. आणि तू कुंपणापलीकडे होतीस." तिनं गॅस बंद केला आणि आतल्या खोलीत गेली. मी बराच वेळ थांबले. मग घरी आले.

मला वाटलं होतं, सांगितल्यावर हलकं वाटेल. काही हलकं झालं नाही.

त्याच आठवड्यात सुमेधचा फोन आला. तीन महिन्यांनी त्याचा आवाज ऐकत होते. "आई," तो म्हणाला, "तू एकालाच थांबवलंस." शिवी दिली असती तर बरं झालं असतं. मी म्हटलं, "हो," आणि उद्या सांगू म्हणत घालवलेले ते पाच दिवस त्याला सांगितले. तो रडत होता, मीही. दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि पुण्याचं तिकीट काढलं.

बिबवेवाडीत मला दारात घेतलं ते शेजारच्या काकूंनी. दादांनी काय सांगितलं होतं कुणास ठाऊक, पण इमारतीतल्या सगळ्यांना थोडंथोडं माहीत होतं. "शाब्बास गं," काकू म्हणाल्या. "काळजावर दगड ठेवलास. पोराला वाचवलंस." जो येईल तो हेच म्हणे. मी मान हलवायची. एलियास हे नाव तिथं कुणाला माहीत नव्हतं.

सुमेध बारीक झाला होता. मराठी मात्र सुधारली होती. दादांसारखा तुटक बोलायला लागला होता. दोन दिवस आम्ही भाजी, हवा, पाणी याबद्दल बोललो. तिसऱ्या दिवशी दादा दुपारी पडले होते तेव्हा तो माझ्यासमोर येऊन बसला.

"तुला वाटतं एलियासनं मला नेलं," तो म्हणाला. "उलटं आहे. तो घाबरत होता. तो म्हणायचा, पैसे पाठवू, औषधं पाठवू. मीच म्हटलं, माणसं मरतायत आणि तू पार्सल पाठवणार? ते तुझे लोक आहेत ना? मीच त्याचं तिकीट बुक केलं, आई. नेमबाजीचा क्लबही मीच शोधला."

वेबसाइटवरची ओळ डोळ्यांसमोर आली, दुसऱ्याला तयार करणं हाही गुन्हा. त्या फोनवर मी ज्याला लपवलं तो एलियास नव्हताच, हे मला तेव्हा कळलं.

"मला परत जायचंय," तो म्हणाला. "मरियम आंटीला सांगायचंय."

मी मेलबर्नच्या एका वकिलाशी फोनवर बोलले. तो म्हणाला, परत येण्यापुरता एक कागद मिळेल, एकाच प्रवासाचा. आल्यावर चौकशी होईल. खटला होईलच असं नाही. पण मित्राच्या बाबतीतलं त्यानं कुणाजवळ, अगदी कुणाजवळ बोलू नये. मी हे सुमेधला सांगितलं. हात जोडले. "चौकशी संपू दे. मग सांग. वर्षानं सांग."

तो म्हणाला, "तूही उद्या सांगते म्हणाली होतीस."

दादा उठून बसले होते. मी त्यांच्याकडे वळले, म्हटलं, दादा, तुम्ही सांगा त्याला. कायद्यातलं तुम्हाला कळतं. दादांनी चष्मा लावला, नातवाकडे पाहिलं. "वकील बरोबर सांगतोय," ते म्हणाले. "कायद्यानं गप्प बसायचा अधिकार आहे तुला. तो वापरावासा वाटत नसेल तर त्याला कायदा काही करू शकत नाही." मग मला म्हणाले, "आता तरी त्याला जाऊ दे, शालू. एकदा अडवलंस, ते बरोबर केलंस. ह्या वेळी अडवू नकोस."

सुमेध गेला. मी दादांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी मागे राहिले. खरं सांगायचं तर ऑपरेशन पुढे ढकलता आलं असतं. माझंच पाऊल उचलत नव्हतं.

विमानतळावर त्याला दोघांनी बाजूला घेतलं, चार तास विचारलं, मग घरी सोडलं. चौकशी चालू आहे. पुढे काय होईल ते वकिलालाही सांगता येत नाही. घरी पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी तो मरियमकडे गेला. तिनं दार उघडलं, त्याला खुर्चीत बसवलं आणि सुरुवातीपासून सगळं सांगायला लावलं. कुठल्या दिवशी कोण काय म्हणालं, एलियास हसला का, काय खाल्लं होतं. मध्ये तिनं त्याच्या थोबाडीत मारली. मग म्हणाली, उद्या ये, पुन्हा सांग. तो रोज जातो. ती रोज तेच ऐकते. "आई, मी थकतो," तो काल फोनवर म्हणाला, "पण ती ये म्हणते तोवर जाणार."

मी विचारलं, "माझ्याबद्दल काही बोलली?"

"नाही."

दादा आता काठी घेऊन जिन्यापर्यंत चालतात. शेजारच्या काकू डबा देतात, संध्याकाळी बाकावर मला मधोमध बसवतात. इथं सगळे मला नावानं हाक मारतात, मायेनं वागवतात, आणि काही विचारत नाहीत. वीस वर्षं मी ह्याच गोष्टीसाठी झुरत होते. आता मिळालीय, आणि मी पाहुणीसारखी बाकाच्या टोकावर सरकून बसते. ज्यांना काही विचारायचं नसतं, त्यांच्यात माणूस किती दिवस राहणार?

शनिवारचं तिकीट काढलंय. मरियम दार उघडेल की नाही, माहीत नाही. उघडलं तर काय म्हणायचं, तेही ठरलेलं नाही. पण जिथं उभं राहायची मला भीती वाटते असं जगात एकच दार आहे, आणि ते पुण्यात नाही.